कानात तेल घालून बसण्याची ही वेळ नाही

रमजान सुरू झाला की एक प्रश्न तीन ठिकाणी हमखास विचारला जातो. मशिदीच्या पायरीवर इमामसाहेबांना, दवाखान्यात डॉक्टरांना आणि मेडिकलच्या काउंटरवर औषध काढून देणाऱ्याला. कानात थेंब टाकले तर रोजा तुटतो का? प्रश्न लहान आहे, पण त्याचे उत्तर मिळेपर्यंत अनेक जण औषधाची बाटली फडताळात ठेवून देतात. ठणका लागला की कानावर तळहात दाबून बसतात आणि ‘ईद झाल्यावर बघू’ म्हणतात. कान मात्र ईदची वाट पाहत नाही. महिनाभर वाहत राहिलेला कान पडद्याचे, कधी पडद्यामागच्या बारीक हाडांचेही नुकसान करून बसतो.

ही गोष्ट फक्त रोजेदारांची नाही. लोह्यात काय किंवा कंधार-पालमच्या खेड्यांत काय, कान दुखला की घर कोणाचेही असो, पहिला उपाय एकच. पळीत गोडे तेल तापवायचे, त्यात लसणाची पाकळी तडतडू द्यायची, कोमट झाले की दोन थेंब कानात सोडायचे आणि वरून कापसाचा बोळा लावायचा. कुठे रुईचे पान तापवून त्याचा रस पिळतात, कुठे कांद्याचा रस, कुठे तुळशीचा. सांगणारी कधी आजी असते, कधी नानी. म्हणजे कानाच्या उपचाराला दोन ठिकाणी उशीर होतो. एक उशीर धर्माच्या काळजीतून, दुसरा घरगुती औषधावरच्या विश्वासातून. दोन्हींमागे भावना चांगलीच आहे, पण उशिराची किंमत कान मोजतो.

आधी धर्माचा प्रश्न. भारतातील बहुसंख्य मुस्लिम हनफी परंपरेचे आहेत. इमाम मरगीनानी यांचा ‘हिदाया’ हा ग्रंथ बाराव्या शतकातला आहे आणि हनफी मदरशांत तो आजही शिकवला जातो. कानात तेल किंवा औषध टाकल्यास रोजा तुटतो, असे मत त्यात आहे. त्या काळच्या समजुतीनुसार कानातून गेलेला पदार्थ शरीराच्या आत पोहोचतो, हा त्यामागचा विचार. पण त्याच मतात पुढची गोष्टही आहे, जी फारशी सांगितली जात नाही. असा रोजा तुटला तर त्याची फक्त कजा आहे, कफ्फारा नाही. कजा म्हणजे रमजाननंतर एका रोज्याच्या बदल्यात एक रोजा ठेवणे. कफ्फारा म्हणजे सलग साठ रोज्यांसारखी मोठी भरपाई. म्हणजे जुन्यात जुन्या आणि कडक मतानुसारही आजारी माणसाने कानात औषध टाकले तर त्याच्यावर एका रोज्याचे देणे राहते, एवढेच.

काळ पुढे गेला तशी शरीराची माहिती वाढली. कानाच्या बाहेरच्या भोकापासून आत जाणारी नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते आणि तिच्या टोकाला कानाचा पडदा असतो. पडदा शाबूत असेल तर थेंब तिथेच थांबतो. त्याला घशात उतरायला वाटच नसते. पडद्याच्या मागे मध्यकर्ण आहे आणि तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या बाजूला उघडते. त्यामुळे पडद्याला भोक असेल तरच थेंबाची चव घशात जाणवू शकते.

ही शरीररचना समोर ठेवून डॉक्टर आणि उलेमा यांनी एकत्र बसून विचार केला. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीचे दहावे अधिवेशन १९९७ मध्ये जेद्दा येथे भरले. रोजा आणि वैद्यकीय उपचार हा त्यातील एक विषय होता. डोळ्यांचे थेंब, कानाचे थेंब, कान धुणे, नाकातील थेंब यांनी रोजा तुटत नाही, मात्र घशात जे उतरेल ते गिळू नये, असा निर्णय तिथे झाला. भारतातील काही मुफ्ती आजही सावधगिरी म्हणून जुन्या मताप्रमाणे सांगतात. ज्याला ज्या आलिमवर विश्वास असेल त्याने त्यांना विचारावे. मतभेद रोज्याच्या हिशेबाचा आहे. उपचार टाळा असे दोन्ही मतांपैकी कोणीच म्हटलेले नाही.

कुरआनच्या सूरह बकराहमध्ये जिथे रमजानच्या रोज्यांचा आदेश आला आहे, तिथेच आजारी आणि प्रवासी माणसाला नंतरच्या दिवसांत रोजे पूर्ण करण्याची सवलत दिलेली आहे. माणसाला अडचणीत टाकणे हा हेतू नसून त्याच्यासाठी सोपे करणे हा हेतू आहे, असे कारणही तिथेच दिले आहे. सवलत घेणे म्हणजे श्रद्धेत कमी पडणे, असे मानणारे अनेक जण समाजात आहेत. विशेषतः घरातील वयस्क मंडळी अंगात ताप असताना, कानातून पू येत असताना रोजा धरतात आणि कोणी बोलले तर रागावतात. त्यांच्या निष्ठेचा आदर करूनही एक गोष्ट त्यांना सांगायला हवी. रोज्याची कजा होते, कानाची कजा होत नाही.

खरे पाहता बहुतेक वेळा हा वाद उद्भवण्याचीही गरज नाही. कानाच्या संसर्गासाठी आज सर्रास लिहून दिली जाणारी सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी थेंबांची औषधे बहुधा दिवसातून दोनदा टाकायची असतात. एक वेळ इफ्तारनंतर, दुसरी सहेरी संपण्याआधी. रमजान सरकत सरकत आता फेब्रुवारी-मार्चच्या दिवसांत आला आहे. या दिवसांत इफ्तार ते सहेरी हे अंतर दहा-अकरा तासांचे असते. दोन डोसांसाठी ते पुरेसे आहे. पोटात घ्यायच्या अँटिबायोटिकचेही दोन वेळांचे प्रकार असतात. मात्र तीन वेळांची गोळी स्वतःच्या मनाने दोन वेळांवर आणू नये. ‘माझे रोजे चालू आहेत’ एवढे वाक्य डॉक्टरांना आधीच सांगितले तर वेळापत्रक तेच बसवून देतात. आणि रोजेदाराने सांगितले नाही तर डॉक्टरांनी विचारावे. लोहा, कंधार, अहमदपूर या भागात सर्व धर्मांचे डॉक्टर सर्व धर्मांचे रुग्ण तपासतात. नवरात्राचा, श्रावणाचा, एकादशीचा उपास जसा विचारला जातो, तसाच रोजाही विचारला जावा.

आता घरगुती तेलाकडे वळू. तेलाने आराम पडतो हे अनुभवाचे बोल आहेत आणि ते पूर्ण खोटे नाहीत. कोमट स्पर्शाने वेदना थोडी शमते. कानात सुका मळ घट्ट झाला असेल तर तेलाने तो मऊ होतो. पण तेलाला मिळणाऱ्या श्रेयाचे मोठे कारण वेगळे आहे. लहान मुलांचे सर्दीनंतरचे कान दुखणे अनेकदा दोन-तीन दिवसांत आपोआप कमी होते. त्या दोन दिवसांत तेल टाकले तर नाव तेलाचे होते, अंगारा लावला तर अंगाऱ्याचे, फुंकर मारली तर फुंकर मारणाऱ्याचे. ज्या मुलाचा कान बरा होत नाही, त्याची आठवण मात्र उपाय सांगणारा ठेवत नाही.

तेल नुकसान करते ते पडदा फुटलेला असताना. मध्यकर्णात पू साठला की पडद्यावर दाब येतो, असह्य ठणका लागतो आणि एका क्षणी पडदा फाटून पू बाहेर येतो. मराठीत याला कान फुटणे म्हणतात. ठणका अचानक थांबतो, म्हणून घरच्यांना वाटते की बरे झाले. खरे तर त्याच वेळी पडद्याला भोक पडलेले असते. आता टाकलेले तेल, लसणाचा अर्क किंवा रुईचा दाहक चीक थेट मध्यकर्णात उतरतो. ओलसर कानात बुरशीही वाढते. कान खाजतो, दडे बसतात, काळपट किंवा पांढरट बुरा निघतो. मग पुन्हा खाज थांबावी म्हणून तेल. वाहत्या कानात तेल, पाणी, रस, दूध यांपैकी काहीही घालू नये, हा नियम सोपा आहे आणि घराघरांत पोहोचायला हवा.

या मुलुखाची औषधपरंपरा मोठी आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता आणि त्या संस्थानात युनानी वैद्यकाला राजाश्रय होता. आयुर्वेदाची परंपरा तर त्याहून जुनी. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले आहेत. इब्न सीना यांच्या ‘अल-कानून’च्या तिसऱ्या खंडात डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाच्या आजारांची चर्चा आहे आणि त्यात कानाला स्वतंत्र जागा आहे. या दोन्ही परंपरांत तेलांचे उपचार आहेत. पण २८ रोग वेगवेगळे मोजण्याचा अर्थ काय? अर्थ असा की प्रत्येक कानाचे दुखणे एक नसते, आधी रोग ओळखावा आणि मग औषध ठरवावे, हे त्या वैद्याला आणि त्या हकिमाला पक्के माहीत होते. घराघरांत मागे उरले ते फक्त तेल. पारख बाजूला राहिली. आजींच्या तेलाला नावे ठेवण्यापेक्षा ती हरवलेली पारख परत आणणे महत्त्वाचे आहे.

ती पारख आज डॉक्टरांच्या हातातल्या छोट्या दुर्बिणीत आहे. कान पाहिल्याशिवाय कानाचे औषध ठरत नाही. तरी काही ढोबळ खुणा घरच्यांना कळू शकतात. विहिरीत किंवा लिंबोटीच्या पाण्यात पोहून आल्यावर कान दुखू लागला, कानाची पाळी ओढली किंवा भोकापुढचा उंचवटा दाबला तर कळ येते, तेव्हा बहुधा बाहेरच्या नळीला सूज असते. तिथे थेंबाचे औषध काम करते. लहान मुलाला सर्दी-खोकला झाला, ताप आला, ते रात्री रडत उठून कान ओढू लागले, तर बहुधा मध्यकर्ण सुजलेला असतो. तिथे पडदा शाबूत असेल तर वरून टाकलेला थेंब संसर्गापर्यंत पोहोचतच नाही. एकाला लागू पडलेली बाटली दुसऱ्याला का लागू पडत नाही, याचे कारण हे आहे. मळ मऊ करणारे, बुरशीवरचे, जंतूंवरचे आणि सूज उतरवणारे अशा चार प्रकारचे थेंब सारख्याच दिसणाऱ्या बाटल्यांत मिळतात. काही थेंबांतील जेंटामायसिनसारखी औषधे फुटलेल्या पडद्यातून आत गेली तर ऐकण्याच्या शक्तीला धोका पोहोचवू शकतात. म्हणून शेजारच्या घरची उरलेली बाटली मागून आणणे बंद व्हावे.

मुलाचा कान दुखत असेल तर पहिल्या रात्री करायचे काम साधे आहे. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, कापड गरम करून बाहेरून कोरडा शेक, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर. प्रत्येक कानदुखीला अँटिबायोटिक लागत नाही, हेही लक्षात ठेवावे. मोठे मूल, सौम्य ताप, एकच कान, अशा वेळी डॉक्टर दोन दिवस थांबून पाहू शकतात. सहा महिन्यांखालचे बाळ, दोन वर्षांच्या आतल्या मुलाचे दोन्ही कान, जास्त ताप, वाहणारा कान, अशा वेळी मात्र ते सहसा औषध सुरू करतात. सुरू केले की ते पूर्ण करायचे. ठणका थांबला म्हणून तिसऱ्या दिवशी बाटली बंद करणे ही सर्रास आढळणारी चूक आहे.

अँटिबायोटिक येण्याआधी कानाच्या संसर्गाने काय होत असे, हे आजच्या पिढीला माहीत नाही. पू कानामागच्या हाडात शिरे, तिथून मेंदूपर्यंत जाई आणि माणूस दगावे. हाड छिनून पू काढणे हाच इलाज होता. पेनिसिलिन आले आणि चित्र पालटले. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि ही औषधे देशात बनू लागली. आज तीच औषधे इतकी हाताशी आली आहेत की चिठ्ठीशिवाय दोन-दोन गोळ्या तोडून घेतल्या जातात. अशा वापराने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. केंद्र सरकारने २०१४ पासून ‘एच-वन’ अनुसूची लागू करून काही अँटिबायोटिकच्या विक्रीची नोंद बंधनकारक केली ती यासाठीच. नियम कागदावर आहे. तो पाळला जाणे गिऱ्हाइकाच्या हट्टावर आणि दुकानदाराच्या नकारावरही अवलंबून आहे.

थेंब टाकण्याचीही रीत आहे. आधी स्वच्छ सुती कापडाची किंवा टिश्यूची वात करून कानाच्या तोंडाशी आलेला पू अलगद टिपून घ्यावा. पुसणे एवढेच, खोल टोचणे नाही. बाटली दोन मिनिटे मुठीत धरून कोमट करावी, कारण गार थेंबाने चक्कर येते. कुशीवर निजावे. मोठ्याचा कान वर आणि मागे, तान्ह्या बाळाचा खाली आणि मागे ओढून थेंब सोडावेत. पुढचा उंचवटा चार-पाच वेळा हलके दाबून पाच मिनिटे तसेच पडून राहावे. उघडलेली बाटली महिना झाल्यावर टाकून द्यावी. कानकोरणे, हेअरपिन, काडेपेटीची काडी, गाडीची किल्ली यांपैकी काहीही कानात जाऊ नये. आठवडी बाजारात किंवा माळेगावच्या यात्रेत फिरणाऱ्या कान साफ करणाऱ्याच्या सळईपुढे तर कान करूच नये.

पाण्याचा प्रश्न रोजेदाराला दिवसातून पाच वेळा येतो. वुजू करताना ओले बोट कानातून फिरवण्याची रीत आहे. कान वाहत असेल तर ते बोट आत न घालता बाहेरून हलके फिरवावे. हनफी मतानुसार कानांचे मसह सुन्नत आहे, फर्ज नाही. त्यामुळे दुखऱ्या कानाला जपल्याने वुजू अपुरा राहत नाही. अंघोळीच्या वेळी कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून तो कानाच्या तोंडाशी ठेवावा आणि अंघोळ झाली की काढून टाकावा. दिवसभर बोळा कोंबून ठेवला तर आतली ओल वाढते.

काही खुणा दिसल्या तर सहेरी, इफ्तार, बाजार, लग्न काहीही न पाहता लगेच निघावे. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलला गेला, तोंड एका बाजूला वाकडे झाले, जोराची चक्कर, उलट्या, तीव्र डोकेदुखी, मान आखडणे, ऐकू येणे अचानक कमी होणे. मधुमेह असलेल्या वयस्क माणसाचा कान रात्री झोपू न देण्याइतका ठणकत असेल तर तोही धोक्याचा इशारा आहे. अशा माणसात संसर्ग हाडात उतरू शकतो. लोह्यात ग्रामीण रुग्णालय आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञांसाठी नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या गावाला यांपैकी एकही ठिकाण अशक्य नाही.

ठणका देणारा कान निदान बोलतो तरी. न दुखता वाहणारा कान जास्त फसवतो. सर्दी झाली की वाहतो, उन्हाळ्यात सुकतो, पावसाळ्यात पुन्हा वाहतो. घरचे म्हणतात, वयात आला की बंद होईल. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये जुनाट वाहत्या कानाबद्दल अहवाल काढला. ज्या देशांत चार टक्क्यांहून अधिक लोकांना हा आजार आहे तिथे तो तातडीने हाताळण्याचा सार्वजनिक प्रश्न मानावा, असे त्यात म्हटले आणि भारत त्याच गटात होता. उपचार महागडा नाही. कान नियमित कोरडा करणे आणि योग्य थेंब, एवढ्याने बहुतेक कान सुकतात. पडद्याचे भोक राहिले तर शस्त्रक्रियेने बुजवता येते. स्रावाला घाण वास येत असेल तर आत हाड कुरतडणारा आजार असण्याची शक्यता असते आणि तिथे थांबणे परवडत नाही.

या सगळ्यात खरे मोल कशाचे आहे, हे रमजानमध्ये जास्त कळते. तरावीहच्या नमाजात रात्रीमागून रात्री कुरआनचे पठण ऐकले जाते. हाफिज होणारे मूल आयत आधी कानाने शिकते, मग जिभेने. शेजारच्या गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो, तिथेही ऐकण्यालाच मान. नवविधा भक्तीत पहिली भक्ती श्रवणाची आहे. ज्या मुलाच्या पडद्यामागे पाणी किंवा पू साठून राहिला आहे, त्याला हे सारे भिंतीपलीकडून आल्यासारखे ऐकू येते. ते हाक मारली तर वळत नाही, टीव्हीचा आवाज वाढवते, शब्द अर्धवट उच्चारते. वर्गात गुरुजी म्हणतात लक्ष देत नाही, मकतबमध्ये मौलाना म्हणतात सबक पाठ होत नाही, घरी मार बसतो. मूल बिचारे ऐकत नाही म्हणून शिक्षा भोगते, आणि ऐकू येत नाही हे कोणी तपासत नाही. मराठीत कानात तेल घालून बसणे म्हणजे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे. या मुलांच्या बाबतीत कानात तेल घालून कोण बसले आहे, याचा विचार मोठ्यांनी करावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मुलांतील ऐकण्याच्या दोषांपैकी सुमारे ६० टक्के टाळता येण्याजोग्या कारणांनी होतात. टाळण्याचे मार्गही घरात आणि गावातच आहेत. बाळाला अंगावरचे दूध, बाटलीने पाजायचे झालेच तर आडवे निजवून नाही. घरात चुलीचा आणि बिडी-सिगारेटचा धूर कमी. कानाच्या संसर्गामागे अनेकदा न्यूमोकोकस हा जंतू असतो. त्याची लस महाराष्ट्रात २०२१ पासून सरकारी लसीकरणात मोफत आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा वयांत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच पालघरमधून झाली. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा मुलांची तपासणी करते. कानाचा संसर्ग हा त्यांच्या यादीतला एक आजार आहे. पथक आले त्या दिवशी मूल घरी ठेवू नये आणि कान वाहतो हे लपवू नये. लग्नात अडचण येईल या भीतीने मुलीचा वाहता कान झाकला जातो. पुढे तिला ऐकू कमी येते तेव्हा ती अडचण कितीतरी मोठी असते.

पैशाची अडचण खरी आहे, पण तिला वाट आहे. राज्याची आरोग्य योजना, जी आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते, तिची २०१२ मधील पहिली फेरी आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नांदेड त्यांपैकी एक होता. कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रिया या योजनेत आहेत. कोणती बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. रमजान हा जकातीचाही महिना आहे. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा अडीच टक्के हिस्सा गरजूंच्या हाती जातो. जकातीचे निकष ठरलेले आहेत आणि त्यात बसणाऱ्या गरीब रुग्णाला ती रक्कम देता येते. सदका तर कोणत्याही धर्माच्या गरजूला देता येतो. शहरातल्या दोन-चार जणांनी मिळून एका मुलाच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेचा वरखर्च किंवा एका आजोबांचे श्रवणयंत्र उचलले, तर इफ्तारच्या मोठ्या दावतीइतकेच ते पुण्याचे काम आहे.

३ मार्च हा जागतिक श्रवण दिन, आणि रमजान आता त्याच दिवसांच्या आसपास येतो आहे. त्यासाठी मोठा कार्यक्रम लागत नाही. शुक्रवारच्या नमाजाआधीच्या बयानात इमामसाहेबांनी दोन मिनिटे काढून सांगावे की आजाऱ्याने औषध घ्यावे, वेळ इफ्तार-सहेरीची ठरवावी, आणि रोज्याविषयी शंका असेल तर आलिमला विचारावे, पण औषध थांबवू नये. मेडिकलवाल्याने कान न पाहता थेंब मागणाऱ्याला दवाखान्याचा रस्ता दाखवावा. शाळेत गुरुजींनी आणि मकतबमध्ये मौलानांनी न ऐकणाऱ्या मुलाला रागावण्याआधी त्याच्या पाठीमागे उभे राहून हळू आवाजात एकदा नाव घेऊन पाहावे. एवढे झाले तरी या भागातल्या काही मुलांना ईदगाहवरची तकबीर स्पष्ट ऐकू येईल.